चाळीस काळ्या तारा

मॅल्कम घर सोडून गेला तेव्हा वकिलाने लॉरेनला विचारलं, तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय. घर तिच्या आईचं होतं, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. लॉरेन म्हणाली, "गॅरेजमधली गाडी."

"ती अजून पूर्ण झालेली नाही, बाई."

"माहितीये. पण त्याला ती हवीये ना?"

हे तिने मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं. लाँग ईटनच्या सोफ्यांच्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर आणि मी कापड कापायच्या टेबलावर, अशी आम्ही सव्वीस वर्षं समोरासमोर काढली. त्यातली अकरा वर्षं तिचा नवरा रात्रीचं जेवण उरकलं की गॅरेजमध्ये जायचा. पेटाऱ्यांतून सुटे भाग मागवून घरी जोडायची, दोन माणसांची, बुटकी, उघडी गाडी. तिच्यावर त्याचा जेवढा जीव होता त्याच्या निम्मा जरी लॉरेनवर असता, तरी तो जवळच्या इल्केस्टन गावातल्या त्या बाईकडे राहायला गेला नसता, असं मी एकदा बोलून गेले. लॉरेन दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

आम्हाला वाटलं, ती गाडी भंगारात देईल. तिने उलटंच केलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली, आरसे बसवले, कडांना रबर लावलं, सीट आणि टप तर तिनेच शिवलेले होते. ऑक्टोबरात एका ट्रेलरवर घालून गाडी सरकारी तपासणीला नेली. घरी जोडलेली गाडी त्या तपासणीत पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही.

गाडी नापास झाली. सगळं ठीक होतं, फक्त एक सोडून. रिव्हर्स गिअर टाकल्यावर मागे जो पांढरा दिवा लागायला हवा तो लागला नाही.

तिने नेव्हिलला फोन केला. नेव्हिल म्हणजे अशा गाड्या जोडणाऱ्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी. मॅल्कमचा जिगरी दोस्त. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"नेव्हिल, गाडी नापास झाली. जरा येऊन बघशील का?"

"अगं, मी आलो असतो. पण मॅल्कमने सांगून ठेवलंय. कुणी जायचं नाही तुझ्याकडे."

"आणि तुम्ही त्याचं ऐकता?"

"गाडी त्याची आहे, लॉरेन. कागदावर काहीही असो." मग जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "देऊन टाक ना त्याला. तुला काय करायचंय तिचं?"

लॉरेनने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "जॉइस, शनिवारी काय करतेयस?"

शनिवारी सकाळी मी तिच्या गॅरेजमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते आणि लॉरेन गाडीखाली, सोफ्याच्या फोमच्या तुकड्यावर उताणी. तिने मला समजावलं होतं ते असं. गिअरबॉक्सवर एक छोटं बटण असतं. रिव्हर्स टाकला की ते दाबलं जातं आणि त्यातून वीज मागच्या दिव्याकडे जाते. त्या बटणातून दोन तारा निघतात आणि दोन्ही डॅशबोर्डच्या मागे येतात. एकीने वीज यायची, दुसरीने दिव्याकडे जायची. त्या दोन तारा ओळखल्या की काम फत्ते.

फक्त डॅशबोर्डच्या मागे चाळीस तारा होत्या, आणि चाळीसच्या चाळीस काळ्या. दुसरा कुणी लाल, हिरव्या, पिवळ्या वापरतो, म्हणजे कुठली कुठे जाते ते कळावं. मॅल्कमने कामावरून काळ्या तारेचं एक मोठं रीळ आणलं होतं आणि सगळी गाडी त्यातच ओवली होती. नकाशा कागदावर नव्हताच. तो त्याच्या डोक्यात होता, आणि ते डोकं इल्केस्टनला राहत होतं.

लॉरेनने वीज तपासायच्या मीटरचं एक टोक खाली बटणाच्या एका तारेला चिमट्याने लावलं. दुसरं टोक माझ्या हातात. मी एकेका तारेला टेकवायचं, जी तीच असेल तिथे मीटर पीं करणार.

"एक."

"नाही."

"दोन."

"नाही."

चौदाव्या तारेला मीटर वाजला. लॉरेन खालून म्हणाली, "बांध तिला लाल दोरा." शिवणकामाच्या डब्यातला दोरा मी बांधला. मग तिने चिमटा बटणाच्या दुसऱ्या तारेला लावला आणि मी पुन्हा एकपासून सुरू केलं. चाळीस झाल्या, मीटर गप्प. पुन्हा चाळीस. माझे गुडघे आखडले. तिसऱ्यांदा निम्म्यावर आले होते तेव्हा दारात मॅल्कम उभा होता.

तो कधी आला ते कळलंच नाही. हातात स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवत होता. मला म्हणाला, "काय जॉइस, मेकॅनिक झालीस?"

लॉरेन गाडीखालून बाहेर आली नाही. तिचे नुसते बूट दिसत होते.

"लॉरेन, वर्षभर शोधलंस तरी सापडायचं नाही," तो बुटांना म्हणाला. "एका पांढऱ्या दिव्यासाठी किती तो खटाटोप. गाडी मला दे. दहा मिनिटांत दिवा लावतो, पास करून आणतो. तुला एखाद्या रविवारी फिरवीनसुद्धा."

"मागच्या सीटवर ती बाई बसेल का?" लॉरेनने खालून विचारलं.

"या गाडीला मागची सीट नसते. तेवढंही तुला माहीत नाही."

"सीट मी शिवल्या, मॅल्कम. किती आहेत ते मला माहितीये."

त्याने बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मीच घर नीट ठेवलं नव्हतं. मग गेला.

त्याची गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत लॉरेन हलली नाही. मग बाहेर आली. कपाळावर ग्रीस लागलं होतं.

"जॉइस, मी नेव्हिलला काय सांगितलं होतं?"

"गाडी नापास झाली म्हणून."

"कशात नापास झाली ते सांगितलं?"

मी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. कारखान्यातही माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मग मॅल्कमला पांढऱ्या दिव्याचं कुठून कळलं?

ती पुन्हा खाली गेली. या वेळी मीटर घेतला नाही. बटणापासून निघालेली ती दुसरी तार तिने दोन बोटांत धरली आणि हळूहळू पुढे सरकत गेली, जशी ती उसवलेली शिवण बोटांनी शोधते. वीतभर पुढे, दोन सीटांच्या मधून जाणाऱ्या बोगद्यासारख्या पोकळीत, तारांच्या जुडग्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. बाकी सगळीकडची पट्टी जुनी, धुळकट. ही चकचकीत होती. तिने ब्लेडने ती सोडवली. आत तार कापलेली होती. दोन्ही टोकं सरळ, एका घावात कापलेली, आणि आतलं तांबं अजून लखलखीत.

लॉरेनने कापलेल्या टोकाचा बोटभर तुकडा तोडून पाकिटात घातला. त्या दिवशी ती रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी क्लबवाले ज्या पबच्या आवारात जमतात तिथे आम्ही गेलो. दहाबारा गाड्या उभ्या, बॉनेटं उघडी, टेबलांवर ग्लास. लॉरेन सरळ मॅल्कमसमोर गेली आणि तो तुकडा त्याच्या ग्लासशेजारी ठेवला.

"हे काय?" नेव्हिलने विचारलं.

"याला विचार."

मॅल्कमने तुकड्याकडे बघितलं. "उंदरांनी खाल्ली असेल."

"उंदीर पक्कड घेऊन येतो? आणि वर पट्टी गुंडाळून जातो?"

नेव्हिलने तुकडा उचलला, टोक बघितलं आणि परत ठेवला. शेजारचे दोघे आपापल्या गाड्यांकडे वळले.

"निघायच्या आदल्या दिवशी कापलीस ना?" लॉरेन म्हणाली.

"एकच कापली." मॅल्कमचा आवाज एकदम खाली आला. "कुणाला लागेल असं काही केलं नाही मी. तू कंटाळून गाडी देशील असं वाटलं."

"एकच?"

"एकच. शपथ."

"तुझ्या शपथेवर भरवसा ठेवून मी हमरस्त्यावर जाऊ? आणि ब्रेकचे दिवे लागलेच नाहीत तर?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. परतताना लॉरेन इतकंच म्हणाली, "सगळं काढते."

मी म्हटलं, "अगं, एक जोड दिलास तर झालं. तार सापडली ना?"

"त्याच्या हातची एक तार ठेवायची नाही."

पूर्ण हिवाळा त्यात गेला. तिने नवा रंगीत तारांचा गठ्ठा मागवला, कागदावर नकाशा काढला आणि कापडाचा नमुना ठेवतात तसा भिंतीला टाचला. जुनं जुडगं एक एक टोक सोडवत बाहेर काढलं. मी मदतीला जायची. टेबलावर पसरून तिने प्रत्येक तार तपासली. खरंच एकच कापलेली होती. बाकीच्या एकोणचाळीस धड होत्या, आणि इतक्या नीट बांधलेल्या, प्रत्येक जोड डाग देऊन, वर नळी चढवून, की आम्ही दोघी बघतच राहिलो.

"चांगलं काम आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "घरात कधी त्याने एक प्लग नीट बसवला नाही." आणि ते सगळं एका खोक्यात घालून तिने इल्केस्टनच्या पत्त्यावर पाठवून दिलं. चिठ्ठी वगैरे काही नाही.

मार्चमध्ये गाडी पुन्हा तपासणीला नेली. तपासनीस म्हातारा, कमी बोलणारा होता. त्याने रिव्हर्स गिअर टाकायला सांगितला, मागे जाऊन वाकून बघितलं आणि फळीवरच्या कागदावर खूण केली. "वायरिंग कोणी केलं?" त्याने विचारलं.

"मी."

"बरं झालंय," तो म्हणाला आणि पुढची गाडी बघायला गेला.

एप्रिलमध्ये नेव्हिलचा फोन आला. क्लबात ये, मागचं विसर, वगैरे. ती गेली, पण मागचं विसरायला नाही. मलाही घेऊन गेली. तिने गाडी पबच्या आवारात मागे घेत घेत रांगेत लावली. मॅल्कम पाच गाड्या पलीकडे होता. बराच वेळ आला नाही. मग आला, आमच्या गाडीच्या मागे उकिडवा बसला. जाऊन बघ असं मी लॉरेनला डोळ्याने खुणावलं, ती हलली नाही.

तो उठला. "दिवा तिरका बसलाय," म्हणाला.

"हो," लॉरेन म्हणाली. "तिरकाच राहणार."

तो परत पाच गाड्या पलीकडे गेला. नेव्हिल आमच्यासाठी चिप्स घेऊन आला, त्या आम्ही दोघींनीच खाल्ल्या.