ग्रहणात ठोकणारा पक्षी

लहानपणी ग्रहण लागलं तेव्हा मी मैदानात उभी होते. भरदुपारी पाखरं घरट्यांकडे परतताना पाहिली होती. या वेळचं ग्रहण मी घरातच काढलं. भाचीने बाल्कनीत आवाज टिपणारी डबी टांगली होती. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी टिपलेले आवाज तपासून, ग्रहणात पाखरं काय करतात हे ती शोधते.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन आली.

"मावशी, तुझ्या डबीने कमाल केली. अंधार झाल्यावर सगळे पक्षी चिडीचूप, आणि एक सुतारपक्षी मात्र ठोकतोच आहे. असं दुसऱ्या कुणाकडेच नाही."

तिने आवाज लावला. टक टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक टक.

माझा मुलगा हसला. "बघ आई, तुला सोबत मिळाली."

मी एकदा रस्ता चुकले, तेव्हापासून तो कामाला जाताना बाहेरून कुलूप लावतो. भाचीला हे ठाऊक नव्हतं.

"अगं, तो पक्षी मीच," मी म्हणाले. "अंधारून आलं तेव्हा मला मैदानात जायचं होतं. काठीने दार ठोकत होते."

भाचीने पक्ष्याचं नाव पुसून तिथे 'माणूस' लिहिलं. मग मान वर केली. "दादा, दार बाहेरून कुणी लावलं होतं?"



सोमवारी तो निघाला तेव्हा मी कान देऊन बसले. दार ओढल्याचा आवाज आला, कुलपाचा आला नाही. तरी बराच वेळ मी काठी हातात धरून तशीच बसून राहिले.