बुडबुडे वर येईपर्यंत

दुकानदाराने शॉकचं झाकण फिरवून सोडवलं, बोटाएवढी नळकांडी तिरपी केली आणि तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर पाडला. समोर स्टुलावर बसलेल्या चष्मेवाल्याने नजर चटकन भिंतीवर टांगलेल्या पकडींकडे वळवली.

थेंब पाण्यासारखा नितळ होता.

रिमोटवर धावणाऱ्या गाड्यांचं ते दुकान. गाडीच्या प्रत्येक चाकामागे हादरे झेलणारा असा एक शॉक असतो आणि गाडी दोन-चार वेळा मैदानावर आपटली, की त्यातलं तेल राखाडी पडतं. चष्मेवाल्याची गाडी उन्हाळ्यापासून मैदानावर उतरलीच नव्हती. बायको गेल्यावर तिच्या भावाने त्याला या नादाला लावलं होतं. चार वर्षं दर शनिवारी दोघे गाड्या पळवायचे आणि हरलेला कुरकुरत घरी जायचा. मग मेहुणा लेकीकडे, लांबच्या गावी राहायला गेला. आता एकट्याने गाडी पळवायची तर मागे टाकायचं कोणाला?

म्हणून शनिवारी सकाळी तो शॉक सोडवून घ्यायचा आणि ते गळतात असं सांगत इथे यायचा. आठवडाभरात धड बोलणं होई ते इथेच. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढलेला हा माणूस आता एका दुकानदाराच्या नजरेला घाबरत होता. तेल थोडं तरी मळावं म्हणून यावेळी त्याने टीव्हीसमोर बसून चारी शॉक हाताने शेकडो वेळा खालीवर केले होते. मनगट तेवढं दुखावलं.

"कसंय तेल?" त्याने विचारलं.

दुकानदाराने कागद खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"खराब झालंय. बदलायला हवं."

"वाटलंच मला."

चारी शॉक रिकामे झाले. दुकानदाराने रबरी कडी तेलात बुचकळून जागेवर बसवली आणि खाचेच्या पकडीत पिस्टनची दांडी हलकेच धरली.

"साध्या पकडीत धरली की दांडीला चरा पडतो. मग शॉक जन्मभर गळतो," तो शंभराव्यांदा म्हणाला.

"असं होय," चष्मेवाला शंभराव्यांदा म्हणाला.

पण त्याचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्यात होतं. तिथे एक नवं यंत्र आलं होतं. काचेची बरणी आणि तिला जोडलेला छोटा पंप. तेल भरलेले शॉक आत उभे करायचे, बटण दाबायचं, की दोन मिनिटांत बुडबुडे गायब. आजवर पिस्टन सावकाश खालीवर करून बुडबुडे आपसूक वर येण्याची वाट पाहावी लागायची. त्या अर्ध्या तासात चहा व्हायचा, गुडघ्यांची चौकशी व्हायची, मेहुण्याच्या खोड्या सांगून व्हायच्या. तो अर्धा तास गेला, तर शनिवारात उरलं काय?

"आता काय, दोन मिनिटांचं काम," तो हसत म्हणाला आणि पिशवी मांडीवर घेतली.

"ते घाईवाल्यांसाठी. तुम्हाला कुठे जायचंय?"

"नाही. कुठेच नाही."

दुकानदाराने फडताळातल्या नव्या तेलाला हातही लावला नाही. त्याने टेबलावरची एक जुनी औषधाची बाटली उचलली आणि तिच्यातूनच शॉक भरायला घेतले. या कामाच्या वेळी चष्मेवाला नेहमी भिंतीकडे बघत बसायचा. आज त्याने बाटलीकडे पाहिलं. मघाशी शॉकमधून काढलेलं तेल टेबलाखालच्या, खराब तेलाच्या काळ्या डब्यात गेलंच नव्हतं. ते याच बाटलीत ओतलं होतं.

बाटलीवर कागदाची पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'चष्मेवाले'. पट्टीच्या कडा झिजलेल्या होत्या आणि शाई फिकी पडली होती. ती काही आज चिकटवलेली नव्हती.

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला. अक्षरं तीच होती.

दुकानदाराने एकेक पिस्टन सावकाश खाली नेला, सावकाश वर आणला आणि चारी शॉक ओळीने उभे करून ठेवले. तेलात मोजून पाच-सहा बुडबुडे होते.

"आज जरा जास्तच दिसतायत," तो शॉककडे बघत म्हणाला. "पाऊण तास तरी लागेल."

"लागू दे," चष्मेवाला म्हणाला. त्याने मांडीवरची पिशवी खुंटीला अडकवली आणि चहाचं भांडं घेऊन नळाकडे गेला.