सातवा होल्ड

सरला मावशींनी धम्मीला भिंतीला हात लावायला बंदी केली, त्याला त्या रविवारी तीन महिने झाले होते. त्याच रविवारी मी पिवळ्या रूटवरून एकोणिसाव्यांदा पडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल, पण मी पटापट सांगते.

भिंत म्हणजे आमची चढायची भिंत. परदेशीपुऱ्यात एका बंद कारखान्याच्या गोदामात रत्नपाल सरांनी ती उभी केली आहे. चोवीस फूट उंच प्लायवूड, त्याला शेकडो भोकं, आणि भोकांत बोल्टने कसलेले प्लॅस्टिकचे रंगीत गोटे. त्या गोट्यांना होल्ड म्हणायचं. एकाच रंगाचे होल्ड धरत वरपर्यंत गेलं की एक रूट झाला. सर महूच्या फौजी घरातले, स्वतःही फौजेत वीस वर्षं पोरांना कडे चढायला शिकवून आलेले. आवाज असा की सुतळीची गाठ आपोआप घट्ट व्हावी.

मी नववीत असताना इथे आले तेव्हा वर्गात हजेरीला 'येस मॅम' म्हटलेलं शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. आता अकरावीत आहे आणि मॅम म्हणतात, शर्वरी, दुसऱ्यांनाही बोलू दे. हे भिंतीमुळे झालं, आणि धम्मीमुळे. धम्मी म्हणजे धम्मदीना, माझी पार्टनर. मी चढणार तेव्हा खाली दोर ती धरणार, ती चढणार तेव्हा मी. दोघींची उंची पाच फुटाला जेमतेम टेकते. तिचा मोठा भाऊ संघदीप भिया. भिंतीवरचे सगळे रूट त्यानेच लावलेले.

त्याचे दोन कायदे होते. एक, जो रूट पहिल्यांदा पूर्ण चढेल त्याने त्याचं नाव ठेवायचं, आणि ते खायच्या वस्तूचंच पाहिजे, आणि मग तीच वस्तू सगळ्यांना खाऊ घालायची. म्हणून आमच्याकडे गराडू आहे, भुट्ट्याचा कीस आहे, आणि एक फारच बोअर रूट आहे त्याचं नाव बिना शेवचे पोहे. दुसरा कायदा, जमीन सोडण्याआधी दोर धरणाऱ्याने चढणाऱ्याच्या गाठीवर हात ठेवून विचारायचं, काय खाल्लं? चढणाऱ्याने खरं उत्तर द्यायचं. भियाचं म्हणणं, 'गाठ ठीक आहे ना' विचारलं की कोणीही मुंडी हलवतं. काय खाल्लं विचारलं की माणूस आठवायला थांबतो, आणि तेवढ्यात समोरच्याला गाठ नीट बघता येते.

जूनमध्ये तो तीन मित्रांबरोबर हिमाचलला गेला. निघायच्या सकाळी पिवळ्या होल्डचा एक नवा रूट लावून गेला, बारा होल्डचा. मी येईपर्यंत चढा, नाव तयार ठेवा, म्हणाला. शिखरावरून उतरताना त्याच्या पायाखालचा दगड निघाला, आणि तो परत आलाच नाही. गाठ बरोबर होती, दोर बरोबर होता, हवा बरोबर होती. सरांनी त्या तिघांना वेगवेगळं बसवून पुन्हा पुन्हा विचारलं. आम्हा सगळ्यांना त्याची एखादी चूक हवी होती, कारण चूक सापडली की ती आपण करणार नाही असं म्हणता येतं. सापडली नाही.

सरांनी महिनाभर गोदामाला कुलूप लावलं. आम्ही दोघे-दोघे पाळ्या लावून धम्मीच्या घरी जायचो, कोणी भाजी आणायचं, कोणी पाणी भरायचं, कोणी नुसतं बसायचं. भियाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सतरंज्या आम्हीच घातल्या, आम्हीच उचलल्या. पुष्कळ आई-वडिलांनी पोरं क्लबातून काढली. माझे पप्पाही म्हणाले, बेटा, आता बस झालं. मी त्यांना चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले जा, पण आता गप्प बस.

सरला मावशी पोस्टात काउंटरवर असतात. त्यांनी धम्मीला एवढंच सांगितलं की आता भिंतीला हात लावायचा नाही. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत, काउंटर बंद झाल्याचं सांगावं तसं सांगितलं. धम्मी बरं म्हणाली. जी धम्मी मला कचोरीचा मोठा तुकडा भांडल्याशिवाय कधी देत नाही, ती नुसतं बरं म्हणाली. मला तेव्हा खरी भीती वाटली.

मग भिंत उघडली, पण तिचा दवाखाना झाला होता. लोक हळू आवाजात बोलायचे. पिवळ्या रूटला कोणीतरी झेंडूची माळ घातली. अंकुर भिया म्हणून आहेत आमचे, विजय नगरला सॉफ्टवेअरमध्ये, मन इतकं मऊ की साबणाची जाहिरात बघून डोळे पुसतात. त्यांना वाटलं संघदीपचा रूट मळका राहू नये. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, बाराही होल्ड उतरवले, बादलीत साबणाचं पाणी करून धुतले, स्वतःच्या टॉवेलने पुसले आणि फोटो बघून परत लावले. सर म्हणाले, हा रूट कोणीतरी पुरा करेपर्यंत भिंतीवर नवा रूट लागणार नाही.

आणि तो कोणाला जमेचना. सहाव्या होल्डपर्यंत सगळे जायचे, सातव्याला हात घातला की बोटं लोणी लागल्यासारखी सुटायची. अंकुर भिया सहा फुटी, तेही पडले. हळूहळू लोक म्हणायला लागले, संघदीपची बात ही अलग थी, त्याचा शेवटचा रूट असाच राहू दे. मला कळलं की रूट जमत नाही हे त्यांना आता आवडायला लागलंय. मला अजिबात आवडत नव्हतं. आमची भिंत ती, तिचा फोटोफ्रेम कशाला करायचा? शिवाय माझा एक प्लॅन होता. पिवळा रूट झाला की धम्मीला सांगायचं, चल, नाव ठेवायला तरी ये.

म्हणून मी दर वेळी पडले की तो व्हिडिओ तिला पाठवायचे. ती बघायची, उत्तर यायचं नाही. अकराव्यात मी पालीसारखी चिकटून बसले होते, सोळाव्यात माझा बूट सरांच्या चहाजवळ पडला. एकोणिसाव्यात मी दोराला उलटी लटकून गोल गोल फिरत विचारत होते की कोणाकडे समोसा आहे का. पाच मिनिटांत उत्तर आलं, इतक्या दिवसांतलं पहिलं.

"सातवा उलटा आहे."

मी लगेच फोन केला. ती म्हणाली की एकोणीस व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. त्या होल्डला एका बाजूने ओठासारखी कड असते, ती वर पाहिजे, म्हणजे बोटं अडकतात. इथे ती खाली गेलीय. मी म्हटलं, संघदीप भियाने मुद्दाम लावला असेल, कठीण करायला.

"दादा प्रत्येक रूटमध्ये एक होल्ड आपल्यासाठी लावायचा, बुटक्यांसाठी," ती म्हणाली. "तो आपल्याला विसरणार नाही."

अर्ध्या तासात ती गोदामात हजर. मागे सरला मावशी, खांद्यावर पर्स, हातात डबा. मावशींनी सरांना जयभीम केला, खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली आणि बसल्या. नुसतं दाखवायला आलीय ती, असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

अंकुर भियांनी घाबरत मोबाइलमधला तो जुना फोटो उघडून दाखवला. फोटोत पहिला होल्ड दिसत होता, दुसरा दिसत होता, आणि सातव्याच्या जागी झेंडूची माळ. माळ न काढताच फोटो घेतला होता, कारण फोटोसाठी म्हणून माळ कशी काढायची. सरांनी शिडी लावून बोल्ट सैल केला. होल्ड धुतले होते, पण भिंत कोणी धुतली नव्हती. होल्डच्या मागे प्लायवूडवर धुळीत त्याच्या आधीच्या आकाराची रेष उमटलेली, आणि तिच्यात ओठाची कड स्पष्ट वरच्या बाजूला. अंकुर भिया दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसले.

"भिया, तुम्ही त्याला आंघोळ घालून शीर्षासन करायला लावलंत," धम्मी म्हणाली, आणि हसली. खरंच हसली, नाकातून आवाज येतो ना तिच्या, तसं. मग सगळेच हसले, आणि मग जरा वेळ कोणालाच कोणाकडे बघता येईना.

सरांनी होल्ड सरळ कसला. मी कमरेला हार्नेसचा पट्टा चढवून दोर बांधला. दोर धरायला अंकुर भिया उठायच्या आत धम्मीने तो उचलला. मावशींनी नुसतं बघितलं.

"दोर म्हणजे भिंत नाही, आई," धम्मी म्हणाली.

धम्मीने माझ्या गाठीवर हात ठेवला आणि विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं दोन कचोऱ्या, एक केळं आणि एक ग्लास शिकंजी जी आईला माहीत नाही. तिने बक्कल ओढून बघितलं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हे काय विचारलंस तिला?" मावशी उभ्या राहिल्या होत्या.

सरांनी त्यांना कायदा समजावला, संघदीपचा म्हणून. मावशी म्हणाल्या की हेच त्या संघदीपला दर फोनवर विचारायच्या. तो वैतागायचा. म्हणायचा, आई, दुसरं काही तरी विचार.

"शेवटच्या फोनलाही तेच विचारलं," त्या म्हणाल्या. "खिचडी म्हणाला."

आणि बसल्या. सरांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि मला डोळ्यांनी सांगितलं, चढ.

मी चढले. सहावा, सातवा, आणि काय सांगू, त्या कडेवर माझी चारही बोटं अशी बसली जशी माझ्याच मापाने कापली होती. आठवा. नवव्याला मला इतका आनंद झाला की मी पाय बघायलाच विसरले आणि पडले.

पडले म्हणजे हातभर. दोर ताणला गेला आणि मी लटकले. मी धम्मीपेक्षा जड आहे, त्यामुळे ती चवड्यांवर उचलली गेली, पण दोर जागेवर गच्च. मावशींचा चहा सांडला होता. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, धम्मीच्या मुठीकडे बघत होत्या.

"धरलंस तू तिला."

"धरतेच मी, आई. रोज धरायचे."

धम्मीने मला खाली सोडलं. मी गप्प बसले, आणि हे किती कठीण होतं ते पप्पांना विचारा. मावशींनी पदराने हात पुसले. मग म्हणाल्या, भिंत. डोंगर नाही. डोंगराचं मी अजून काहीच बोलले नाही.

धम्मीने माझा दोर सोडवून स्वतःला बांधला. मी गाठीवर हात ठेवायला पुढे झाले तर मावशींनी मला बाजूला केलं. गाठ कशी बघायची ते सरांना विचारून घेतलं, बोटाने एक-एक वळण मोजलं, आणि लेकीच्या गाठीवर हात ठेवला.

"काय खाल्लं?"

"अर्धी पोळी."

"अर्धी का?"

कायदा म्हणजे कायदा, उत्तर खरं द्यावं लागतं. धम्मी म्हणाली, भूक नव्हती. मग भारतात बहुधा पहिल्यांदाच, दोर बांधून तयार असलेल्या एका क्लाइंबरला आईने खुर्चीवर बसवून डब्यातली उरलेली पोळी भाजीसकट खायला लावली. तोवर आम्ही सगळे थांबलो. सरसुद्धा थांबले, ज्यांनी आयुष्यात कोणासाठी दोन मिनिटं वाट बघितली नाही.

मग ती चढली. दोर मी धरला होता. सातव्यावर ती जरा थांबली, होल्डवरून अंगठा फिरवला, आणि नववा, दहावा, अकरावा असं करत बारावा दोन्ही हातांनी धरला. वरून तिने नाव सांगितलं. आम्हाला सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.

पुढच्या रविवारी सरला मावशींनी मोठं पातेलं आणलं. गोदामात तेवीस जण होते, त्यातली चार पोरं घरच्यांनी क्लबातून काढलेली. मावशी स्वतः वाढत होत्या, आणि खिचडीवर शेव घालायची की नाही यावर अंकुर भिया आणि सरांचं जोरात भांडण झालं. मोठ्या आवाजात. मला फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर आम्ही पिवळा रूट उतरवला, बादली भरली. उद्यापासून नवा लागणार, धम्मी आणि मी लावणार. सातवा होल्ड मात्र मावशींनी मागून घेतला. पोस्टातून आलं की पर्स अडकवायला दाराजवळ पाहिजे म्हणाल्या. अंकुर भिया ड्रिल घेऊन मावशींच्या घरी गेले, होल्ड भिंतीवर टेकवला, आणि बटण दाबायच्या आधी मागे वळून धम्मीला विचारलं, वर कुठली बाजू.