ताट धुतलेलं पाणी

“भाकर कशी हाय?” गुरुपादप्पांनी विचारलं, आणि मलप्पाचा घास गालातच थांबला.

भाकरीला जमिनीत पुरलेल्या पेवाचा वास होता. ज्वारीला तळाची ओल लागली होती. निलंग्याकडच्या गुऱ्हाळावर वीस वर्षं गूळ चाखून काटा धरलेल्या मलप्पाच्या जिभेनं ते पहिल्याच तुकड्याला ओळखलं होतं. पण सकाळी बसस्टँडवर मेव्हण्यानं, मन्मथनं, बजावलं होतं की कशालाच नाव ठेवायचं नाही.

“बेस हाय, मालक.”

“बेस?”

“हाव. लई बेस.”

गुरुपादप्पांनी आपल्या भाकरीचा तुकडा नाकाजवळ नेला, हुंगला आणि वरणात बुडवला.

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मागोमाग कारकून आले. बायकापोरं गावाकडं ठेवून आलेल्या त्या कारकुनांच्या भुकेवर गुरुपादप्पांची खाणावळ दोन खणांवरून सहा खणांची झाली. पाऊस तेवढा अजून बदलीवर आला नव्हता. आता त्यांना कोठी सांभाळणारा माणूस हवा होता, धान्य पारखून घेणारा, तेल हात राखून देणारा. अर्ज वगैरे ते घेत नसत. माणसाला जेवायला बोलवत, समोर बसून आपणही जेवत.

दोन हंगाम ऊस उभ्यानं वाळला होता. गुऱ्हाळ पेटलं नव्हतं, आणि शेहेचाळीस वर्षांच्या मलप्पाला काट्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. ही जागा गेली तर रोजगार हमीची खडी फोडायची. बायको, गुरम्मा, आधीपासूनच तिथं जात होती. निघताना ती एवढंच म्हणाली होती, “घरी जेवता तसं जेवा. लाजू नका.”

मन्मथ मात्र नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई होता. वर्षभर साहेब लोकांचे डबे उचलून तो जेवणातला जाणकार झाला होता.

“दाजी, हे जिल्ह्याचं ठिकाण हाय आता. घरच्यावानी ताट धुऊन पिऊ नका. अडाणी म्हनतेत. चतकोर भाकर ताटात ठेवायची, उठायचं अन् मोरीवर जाऊन हात धुवायचे.”

“चतकोर टाकून द्यायची?”

“टाकायची न्हाई वो, ठेवायची! साहेब ठेवतेत.”

वरण संपलं तसं मलप्पानं चतकोर भाकर ताटाच्या कडेला सारली. एवढंसं काम, पण बोटं जड झाली. मग तो मोरीवर गेला. तिथं भरलेला तांब्या होता. त्यानं मनगटापर्यंत हात धुतले, चूळ भरली आणि मन्मथ कुठूनतरी बघत असावा तसं उरलेलं पाणी पायांवर ओतलं.

“अवो अण्णा!” भांडी राखेनं कोरडीच घासत बसलेली मोलकरीण दानम्मा ताडकन उभी राहिली. “प्यायचं होतं की वो ते! सांजपतूर तेवढंच होतं मला.”

रिकामा तांब्या हातात धरून मलप्पा वळला. गुरुपादप्पांनी पेल्यातलं पाणी आपल्या ताटात ओतलं होतं. बोटांनी कडा निपटत, वरणाचा पिवळेपणा गोळा करत त्यांनी ताट फिरवलं, दोन्ही हातांनी उचललं आणि पिऊन टाकलं. यात भक्ती किती आणि काटकसर किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकाच ताटात सुखानं नांदत.

“आपल्या लिंगायतांतलेच ना तुमी?”

“हाव.”

“मग हे कुणी शिकवलं?”

मन्मथचं नाव मलप्पाच्या ओठांपर्यंत आलं. त्यानं ते गिळलं.

“कुणी न्हाई, मालक. चुकलो.”

“अन् भाकर? तीन दिवसांत तिघं जेवून गेले, वासाचं कुणी बोललं न्हाई. तुमी काट्यावरचे. तुमी बोलशाल वाटलं होतं.”

“वास कळला होता, मालक.”

“ते बी बघितलो मी. तुमचा घास अडला होता.” गुरुपादप्पांचा आवाज मऊच होता. “न कळणाऱ्याला शिकवून घेतलो असतो. कळून गप बसणाऱ्याला कोठीची किल्ली कशी देऊ, सांगा?”

मलप्पानं तांब्या जागेवर ठेवला, हात जोडून “शरणार्थ” म्हणाला आणि निलंग्याची बस धरली.

तो घरी पोचला तेव्हा गुरम्मा खडीवरून येऊन चुलीपुढं बसली होती. तिनं अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढं केला. मलप्पा खाली मान घालून जेवला. पेल्यातलं अर्धं पाणी त्यानं ताटात ओतलं, बोटांनी कडा निपटल्या आणि ते पिऊन टाकलं.

“लातुरात बी असंच जेवलासा ना?”

“हाव,” मलप्पा म्हणाला.

गुरम्मानं ताट उचलून क्षणभर बघितलं. घासण्याजोगं त्यात काही नव्हतं. तिनं ते भिंतीशी पालथं घातलं.

“खडीवरल्या मुकादमाला दुसरा हातोडा सांगून ठेवलेय मी,” ती म्हणाली.