कापगत्यांच्या भिंतीतली जागा

कापगत्यांच्या भिंतीतला एक ओंडका सकाळी दहाच्या सुमारास उठला आणि जंगलात परत गेला. कौतिका अंगणात धान पाखडत होती. ओंडका तिच्या शेजारून गेला, बोडीची, त्या लहानशा तळ्याची पाळ चढला आणि पलीकडे दिसेनासा झाला. तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी मुलगी कुठे आहे ते पाहिलं. चार वर्षांची मंजी पायरीवर बसून भिजवलेले चणे खात होती.

"मामाजी," तिनं सासऱ्यांना हाक मारली, "आणखी एक गेला जी."

मंजीचे आबा, तानबाजी, बाहेर आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मापाची बांबूची काठी आणायला आत गेले.

हे घर त्यांच्या पणजोबांनी, उरकुडा कापगत्यांनी बांधलेलं. जिथे बांधलं तिथे तेव्हा गाव नव्हतं, वाट नव्हती, नुसतं सागाचं रान. उरकुडा बायकोला आणि दोन भावांना घेऊन आला, एका उन्हाळ्यात त्यानं चौसष्ट साग पाडले आणि ओंडक्यावर ओंडका रचून घर उभं केलं. दुसऱ्या वर्षी पहिला ओंडका आपल्या खुंटावर परत गेला आणि त्याला पानं फुटली. उरकुडानं त्या जागी दुसरं लाकूड ठोकलं, ते गळून पडलं. तिसरं ठोकलं, तेही पडलं. संध्याकाळी त्याची बायको चुलीपुढून उठली आणि त्या जागी जाऊन आडवी झाली. ती नेमकी बसली.

तेव्हापासून असंच चालत आलं होतं. जागा ज्याच्या मापाची, त्याची. आठ दिवस माणूस भिंतीतून बोलतं, मग साल धरतं. कौतिकाचा नवरा मोतीराम गेल्या वर्षी, धान कापायच्या दिवसांत भिंतीत गेला. खालून तिसरा ओंडका त्याचा. आठव्या दिवशी त्यानं पाणी मागितलं होतं. ती तांब्या घेऊन येईपर्यंत ओठांच्या जागी गाठ झाली होती. आता घरात तिघंच उरली होती.

तानबाजींनी काठी लावली. बोटांनी दोनदा मोजलं.

"किती जी?" कौतिकानं विचारलं.

"साडेचार वीत."

दोघांपैकी कुणीच पायरीकडे पाहिलं नाही. तानबाजींनी डोक्याचं पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि ते त्या जागेत शिरले. गुडघे पोटाशी घेतले, मान मोडेल इतकी वाकवली. भिंतीनं त्यांना हळूच बाहेर ठेवलं, जसं ताटातलं नको ते बाजूला सारावं. मग कौतिका शिरली. तिच्या खांद्याशी जागा आखडली आणि ती बाहेर आल्यावर पुन्हा साडेचार वीत झाली.

"बसत असतो तर बसलो असतो, पोरी," तानबाजी म्हणाले. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं.

"मी हिला घेऊन माहेरी जाते."

"माझा काका असाच गेला होता. घर त्याच्या मागं इथवर आलं. म्हणून तर आपण इथं राहतो."

कौतिकानं मंजीला कडेवर घेतलं आणि निघाली. चपला घालायला ती थांबली नाही. माहेर तीन कोसांवर होतं, मध्ये नुसत्या कापलेल्या धानाच्या बांध्या, खाचरामागून खाचर. धसकटं तळव्यांना टोचत होती. मंजी तिच्या कानाशी चणे चावत होती, आणि तो आवाज कौतिकाला दर पावलाला हवासा वाटत होता. चार-पाच बांध्या ओलांडल्या आणि तो थांबला.

"संपले?" तिनं विचारलं.

"नाही. घर येतंय," मंजी म्हणाली.

कौतिकानं मागं पाहिलं. बोडीच्या पाळीखाली घर नव्हतं. मोकळ्या जमिनीवर तानबाजी उभे होते, उघड्या डोक्याचे. ओंडके बांध्यांमधून येत होते, एकामागून एक, घाई न करता. धुऱ्याचा उंचवटा लागला की अंग उचलून ओलांडत होते. ती पळाली. छाती फुटेस्तोवर पळाली आणि ज्या बांधीतून निघाली त्याच बांधीत उभी राहिली.

आधी खालचे चार आले आणि तिच्या चहूबाजूंनी आडवे झाले. त्यांच्यावर दुसरे चार. भिंत गुडघ्याएवढी होती, तेव्हा तिनं मंजीला पलीकडे ठेवलं.

"पळ. आजीकडं जा. मागं पाहू नको."

मंजी दहा पावलं पळाली आणि तरी आतच होती. तिलाही ते कळलं असावं, कारण ती परत येऊन आईच्या लुगड्याला बिलगली.

तिसरा थर आला. त्यातला एक कौतिकानं गाठीवरून ओळखला. तिनं त्याच्यावर तळहात ठेवला. तो कोमट होता.

"अहो," ती म्हणाली, "हिला जाऊ द्या. हिचं काय आहे यात?"

गाठ ओली झाली. मग वरून पुढचा ओंडका बसला, त्याच्यावर त्याच्या पुढचा, आणि तिला हात काढून घ्यावा लागला. कुणाचा धक्का लागत नव्हता. खाचेत खाच बसताना तेवढा आवाज होई, तोंड मिटल्यासारखा. वर आभाळ चौकोनी झालं, मग पट्टीसारखं, मग राहिलं नाही. कौतिका अंधारात भिंत चाचपत फिरली. कुठेच दार नव्हतं. फक्त एका ठिकाणी, तिच्या डोक्याच्या उंचीवर, साडेचार वीत लांबीची आडवी फट होती. तिच्यातून उन्हाचा पट्टा आत येत होता आणि त्यात धानाचा भुसा तरंगत होता.

तिनं फटीत दोन्ही हात घातले आणि ओंडके उचकटायला लागली. नखं निघाली तरी तिनं सोडलं नाही.

"आई," मंजी म्हणाली, "इथून आबा दिसतात."

आवाज खालून आला नव्हता. कौतिकानं वळून पाहिलं. मंजी तिच्या खांद्याशी, फटीसमोर आडवी होती, हात अंगालगत सरळ धरलेले, आणि तिला कुणीही उचललेलं नव्हतं.