लाल पट्ट्यावरची ओळ

माझी नणंद आणि मी, आम्ही दोघी औषधांची लेबलं बनवतो. बाटलीवरचं लेबल, बाहेरचं खोकं, आत घडी घालून ठेवलेला कागद, सगळं. घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे आमचं ऑफिस. नणंद साठीला टेकलेल्या. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न झाल्यावर आदरानं म्हणायचे, मग काही वर्षं चेष्टेनं, आता सवयीनं.

वन्संनी तीस वर्षं एकाच प्रोग्रॅमवर काम केलं. फोटो, चित्रं, मजकूर, पान, सगळं त्या एकात. तो बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच हात वर केले होते, त्यामुळे तो फक्त एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. मी त्या प्रोग्रॅमला म्हातारा म्हणायचे. अर्थात वन्सं खोलीत नसताना.

गेल्या वर्षी औषध कंपनीनं कळवलं की यापुढे फायली नव्या पद्धतीच्याच लागतील. म्हाताऱ्याला त्या काही जमेनात. मग नवं सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं आणि दीड महिना आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. वन्संचं म्हणणं, सगळं करणारं एकच घेऊ. माझं म्हणणं, सगळं करणारं काहीच धड करत नाही. शेवटी मी हट्टानं तीन प्रोग्रॅम घेतले. फोटो साफ करायला एक, पट्टे, चित्रं आणि मोठी अक्षरं काढायला दुसरा, आणि हे सगळं पानावर मांडून छापखान्याला फाइल द्यायला तिसरा. फोटोवाला, रेघावाला आणि पानवाला.

"तीन घरचे तीन जावई एका ताटात जेवायला बसवतेस," वन्सं म्हणाल्या. "एकाला वाढलेलं दुसऱ्याला चालायचं नाही."

"चालवून घेतील. जावई मी पारखून आणलेत."

आणि खरंच चाललं. रेघावाल्यात केलेला बदल पानवाल्यात आपोआप यायचा. पूर्वी चार दिवसांचं काम दीड दिवसात व्हायला लागलं. कंपनीचे अधिकारी फोनवर माझं कौतुक करायचे आणि मी फोन मुद्दाम स्पीकरवर ठेवायचे. हे मी लपवत नाही.

आमची एक जुनी पद्धत होती. काम संपलं की लेबल कागदावर छापायचं. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं कंपनीच्या मूळ मजकुरावर बोट फिरवत ऐकायचं. ही पद्धत वन्संनी घातलेली, आणि तिच्यामागे एक कारण होतं. आमच्या घरात ते कारण कोणी बोलून दाखवत नाही. माझी लेक सात महिन्यांची असताना तिला ताप आला होता. मी बाहेर होते. औषधाचे थेंब पाण्यात मिसळून द्यायचे होते, लेबलावर तसं लिहिलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. वन्संनी ते तसेच दिले. चार दिवस लेक दवाखान्यात होती, पहिले दोन दिवस डॉक्टर आमच्याशी नजर मिळवून बोलत नव्हते. आता ती तेरा वर्षांची आहे, दारं आपटते, उलट उत्तरं देते, ठणठणीत आहे. पण वन्सं तेव्हापासून बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षरही वाचतात.

नवे प्रोग्रॅम आल्यावर कागदावर छापायचं मी हळूहळू बंद केलं. स्क्रीनवर इतकं स्वच्छ दिसतं तर कागद कशाला? वन्सं कुरकुरल्या, मग स्क्रीनसमोर खुर्ची ओढून बसायला लागल्या.

या महिन्यात लहान बाळांच्या थेंबांचं काम आलं. नेमके तसलेच थेंब, पाण्यात मिसळूनच द्यायचे. वन्संनी कंपनीशी स्वतः बोलून इशाऱ्याची ओळ मोठी करून घेतली. "पाण्यात मिसळल्याशिवाय बाळाला देऊ नये." पिवळा पट्टा, त्यावर ठसठशीत काळी अक्षरं. आम्ही दोघींनी वाचलं, जुळलं. परवा दुपारी चारला कंपनीचा फोन आला की पिवळा नको, लाल पट्टा करा. वन्सं दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी पट्टा लाल केला, लालवर काळं उठेना म्हणून अक्षरं पांढरी केली, स्क्रीनवर एकटीनं वाचलं, कंपनीला दाखवलं. त्यांनीही त्यांच्या स्क्रीनवर बघून होकार दिला. मंजुरीच्या कागदावर सही करून मी फाइल छापखान्यात पाठवली. काल छपाईच्या प्लेटा निघाल्या. आज काम मशीनवर चढणार होतं.

आज सकाळी साडेनऊला वन्संनी मला हाक मारली. त्यांनी ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन म्हाताऱ्यात उघडली होती.

"अगं, इथे पट्टा कोरा दिसतोय."

मी चहाचा कप हातात घेऊनच गेले. खरंच, लाल पट्टा, त्यावर काही नाही. मला हसू आलं. म्हाताऱ्याला नव्या फायली कधीच नीट वाचता यायच्या नाहीत. मागच्याच महिन्यात त्यानं एका लेबलावरचं अख्ख्या बाटलीचं चित्र गिळलं होतं.

"म्हाताऱ्याला दिसत नाही हो," मी म्हणाले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच.

"एकदा कागदावर काढून बघू. पाच मिनिटांचं काम."

"काम मंजूर झालंय वन्सं. सही झालीय."

"मी वाचलेलं नाही ते."

रात्रभर मला झोप नव्हती, दुसरं काम डोक्यावर होतं, वगैरे वगैरे. कारणं पुष्कळ सांगता येतील. मी जे बोलले ते असं, "लेबल वाचण्याच्या बाबतीत तरी तुम्ही मला शिकवू नका."

बारा वर्षांत हे मी एकदाही बोलले नव्हते. मनात किती वेळा आलं असेल ते माझं मला माहीत, पण तोंडातून गेलं नव्हतं. वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कॉम्प्युटर रीतसर बंद केला. थोड्या वेळानं चपला घातल्या आणि "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून गेल्या. मी थांबवलं नाही. खरं तर बरं वाटलं.

सव्वाबाराला मी दुसऱ्या एका लेबलावर बसले होते. त्यातलं काळं शीर्षक निळं करायचं होतं. रंग बदलला आणि सहज बाजूच्या चौकटीकडे लक्ष गेलं. ओव्हरप्रिंटच्या खुणेवर टिक होती.

मला थेंबांचा लाल पट्टा आठवला.

सांगते. काळं अक्षर रंगीत पट्ट्यावर छापायचं असलं की आम्ही त्याला ओव्हरप्रिंट लावतो. म्हणजे खालचा रंग तसाच ठेवायचा, काळी शाई त्याच्यावरून जाते. काळं कशावरही उठतं, म्हणून चालतं. पण पांढऱ्याची शाई नसते. छापलेल्या लाल पट्ट्यात पांढरं अक्षर दिसतं ते तिथे लाल छापलेलं नसतं म्हणून, खालचा कागद दिसतो म्हणून. पांढऱ्याला ओव्हरप्रिंट लागलं तर लाल सगळीकडे छापलं जातं आणि वरून काहीच येत नाही. मी काळ्याचं पांढरं केलं होतं. टिक जिथल्या तिथे राहिली होती.

थेंबांची फाइल उघडली. अक्षरावर क्लिक केलं. टिक होती. पानवाल्यात एक सोय आहे, छापल्यावर कसं दिसेल ते दाखवायची. वर्षभरात मी ती एकदाही वापरली नव्हती. लावली. ओळ गेली. सकाळी म्हाताऱ्यात दिसला होता तोच कोरा पट्टा. वन्संनी ती सोय त्या प्रोग्रॅममध्ये कधीकाळी चालू करून ठेवली असणार आणि विसरून गेल्या असणार. त्या खोलीत खरं दाखवणारा तेवढा एकच होता, आणि मी त्याला हसले होते.

छापखान्यात फोन लावला. वाजत राहिला. मशीनवाले काका मशीन सुरू करताना फोन ड्रॉवरमध्ये टाकतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पुन्हा लावला. वन्संना लावला, तर त्यांचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला.

आधी धावत जावं की आधी फाइल सुधारावी? धावत गेले आणि हातात काही नसलं तर ते दुसरं काम चढवतील. टिक काढली. रेघावाल्यात सेव्ह. पानवाल्यानं विचारलं, मूळ चित्र बदललंय, नवीन घेऊ का? घे बाबा घे. मग नवी फाइल बनवायला लावली आणि ती निळी पट्टी सरकायला लागली. साठ टक्क्यांवर थांबली. मी उभी राहून तिच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर कुठलं तरी अनोळखी घर होतं, तापानं फणफणलेलं बाळ, बाटली दिव्याखाली धरून वाचणारं कोणी तरी. त्या माणसाला लाल पट्टा दिसेल. लाल म्हणजे काहीतरी महत्त्वाचं, एवढं कळेल. काय ते कळणार नाही.

पेन ड्राइव्ह मुठीत धरून मी पळाले. छापखाना दोन गल्ल्या सोडून आहे. मशीन चालू असलं की कोपऱ्यापासून धडधड ऐकू येते. आज काहीच ऐकू येत नव्हतं. एक तर सुरू झालं नव्हतं, नाही तर संपलं होतं.

आत गेले तर मशीन थांबलेलं. काका हाताची घडी घालून, वैतागलेले. आणि शाईच्या डब्यांजवळच्या स्टुलावर वन्सं बसलेल्या, मांडीवर छापलेला एक कागद.

"या वहिनी," काका म्हणाले. "तासभर झाला, तुमच्या ताई लाल रंग जुळवून घेतायत. गडद झाला म्हणतात, फिका केला तर फिका झाला म्हणतात. तुम्ही येऊन बघणार आणि मगच चालवायचं, असं सांगितलंय त्यांनी."

"किती छापलेत?"

"कुठले छापतोय. असे वीसेक बघायला काढलेत फक्त."

माझा जीव भांड्यात पडला. मी वन्संच्या मांडीवरचा कागद उचलला. एका कागदावर चोवीस लेबलं, चोवीस लाल पट्टे, चोवीसही कोरे.

"काका, यावर ओळ हवी होती," मी म्हणाले. "चूक माझी आहे. फाइलमध्ये आहे, तुमच्याकडे नाही. प्लेटा परत काढाव्या लागतील."

काकांनी कागद जवळ नेला. "मला वाटलं डिझाइनच तसं असेल." मग पेन ड्राइव्ह घेऊन ते आत गेले.

मी वन्संजवळ जमिनीवरच बसले. "तुम्ही रंगाचं का सांगितलंत? ओळ नाही म्हणून सांगायचं की."

त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"खात्री नव्हती," त्या म्हणाल्या. "पहिला कागद हातात आला, मला काही दिसेना. म्हटलं, ओळ असेल, मलाच दिसत नसेल. चष्मा पुसून बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. काकांना विचारावं तर..." त्यांनी मान हलवली. "तू सकाळी म्हणालीस ते खोटं नाही ना. एकदा माझं चुकलंय. पण मशीनही चालू देववेना. मग म्हटलं, मी परतले नाही की तू शोधत येशीलच, तोवर रंगाचं निमित्त करावं. तू बघशील."

एका बाईनं, आयुष्यभर अक्षरं बसवलेल्या बाईनं, कोऱ्या पट्ट्याकडे बघून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला होता, आणि तो संशय मी दिला होता. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. "वन्सं, तुम्हाला बरोबर दिसत होतं," मी म्हणाले. "तुम्हालाच एकटीला दिसत होतं. आणि सकाळचं मी बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं."

"हो, नको होतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथेच बसून राहिल्या.

नव्या प्लेटा यायला पाऊण तास लागला. काकांनी त्या चढवल्या, शाई फिरवली, पहिला कागद काढून टेबलावर पसरला. पट्ट्यावर पांढरी अक्षरं होती, दारातूनही वाचता येतील अशी. काकांनी मंजुरीचा कागद आणि पेन माझ्यापुढे केलं.

मी ते वन्संपुढे सरकवलं. "आधी तुम्ही वाचा."

वन्संनी बोट ठेवलं आणि पहिल्या अक्षरापासून सगळं मोठ्यानं वाचलं, औषधाचं नाव, मात्रा, कुठे ठेवावं ते. पट्ट्यापाशी आल्यावर आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "पाण्यात मिसळल्याशिवाय बाळाला देऊ नये."

मी पेन उचललं. त्यांनी माझा हात धरला.

"आता तू वाच," त्या म्हणाल्या. "एकीनं वाचून भागत नाही. ते आपल्या दोघींनाही माहीत आहे."

काकांनी मशीनच्या बटणावरचा हात काढून घेतला, आणि मी वरून वाचायला सुरुवात केली.