होडीच्या पोटाखालची रेघ

मित्रांनो, माझे वाकडे टोक पाहून नाक मुरडू नका. मी जलरंगाचा एक जुना कुंचला आहे. एका कारागिराने खारीच्या शेपटीचे केस जुळवून पितळी नळीत घट्ट बसवले. एकही केस चुकार निघू नये म्हणून त्याने मला ओठांना लावून पाहिले होते.

मला विकत घेतले ते नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. रोज सकाळी त्या नदीच्या धक्क्यावर, अगदी खालच्या पायरीवर बसून होड्या रंगवत. पाण्यातले प्रतिबिंब काढताना तर त्यांना भूक लागल्याचेही भान नसे. "दिसतं तेवढंच काढायचं, मनाचं घालायचं नाही," असे त्या म्हणत.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. माझाही एक केस फुटून बाहेर आला. चित्रात काही बिघडले की आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहू लागलो.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीने प्रवासी वाहण्यासाठी एक जुनी होडी घ्यायचे ठरवले. तिला ताजा हिरवा रंग दिलेला होता. ती विकणारा होडीवाला तोंडात साखर ठेवून बोलत होता. पण बाईंनी कागद काढताच त्याचा चेहरा उतरला.

"ही नका काढू, मावशी. ती पलीकडची बघा, कशी झोकदार आहे!"

कुठेतरी पाणी मुरत होते. बाईंनी मला रंगात बुडवले. होडी छान उतरली, पण प्रतिबिंबात पुढच्या टोकाखाली एक काळपट रेघ आली.

"आई, हात हलला तुझा," मुलगी म्हणाली.

"कुंचलाच म्हातारा झालाय, ताई," होडीवाला हसला.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खरेच, तो फुटका केस तर नडला नव्हता? बाईंनी मला निरखले, तो केस चिमटीत धरून उपटला आणि दुसरा कागद घेतला. रेघ पुन्हा तिथेच आली.

"ती बाजू वरून दिसत नाही, पाण्यात दिसते," त्या म्हणाल्या. "वाकून हात लाव."

मुलगी धक्क्यावर पालथी झाली. बोट दाबताच रंगाचा पापुद्रा निघाला. आत बुजवलेली भेग होती आणि फळी कुजून भुसभुशीत झाली होती.

"यात मी माणसं बसवणार होते," ती एवढेच म्हणाली.

"मला काय माहीत? मीही अशीच घेतली होती!" होडीवाला ओरडला. ते खरे की खोटे, मला अजून कळलेले नाही.

घरी बाईंच्या नजरेचे कौतुक झाले. त्या गडबडीत मी मात्र तीन दिवस पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा राहिलो आणि कायमचा वाकलो. आता धक्क्यावर नवा कुंचला जातो. तो दिसते तेवढेच काढतो का, याची मला शंकाच आहे.

मित्रांनो, काम झाले की कुंचला धुवा, टोक जुळवा आणि आडवा ठेवा. शंका जरूर घ्या. पण कोणावर बोट ठेवण्याआधी तिथे एकदा स्वतःचे बोट लावून पाहा.